ऐंशीला थरथरणारी पिकअप: बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, क्रॉसही बदलले, आता काय?

नमस्कार भाऊ,

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमची पिकअप नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीच्या मार्केटला जाते आणि बहुतेक वेळा रिकामी परत येते. ताशी सत्तर किलोमीटरला थरथर सुरू होते, ऐंशीला सगळ्यात जास्त. स्टिअरिंग जवळजवळ शांत असतं, हलतं ते सीट, फ्लोअर आणि मागचा हौदा. रिकामी असताना जास्त, माल भरला की कमी. तुम्ही पुढची दोन टायरं नवीन टाकलीत, पुढचं बॅलन्सिंग दोनदा केलंत, अलाइनमेंट केलंत. मागची दोन्ही टायरं रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेली आहेत. मग मिस्त्रींनी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे वळणारे सांधे, बदलले. मूळची थरथर तशीच राहिली आणि वर पायाखाली एक बारीक झिणझिण नव्याने सुरू झाली, जी भरलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की वाढते. आता कुणी इंजिन माउंटिंग (इंजिनखालच्या रबरी गाद्या) बदलायला सांगतंय, कुणी डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा) उघडायला.

यातलं आत्ता काहीच करू नका. तुमच्या वर्णनावरून मला असं दिसतं की गाडीत सध्या दोन वेगवेगळी कंपनं आहेत. एक मूळचं, ते मागच्या चाकांमधलं. दुसरं शाफ्टचं काम करताना आलेलं. ड्रायव्हरच्या अंगाला मात्र दोन्ही मिळून एकच थरथर लागते, त्यामुळे त्यातलं एक कमी झालं तरी 'काही फरक पडला नाही' असंच वाटतं. सुटे भाग बदलत जाण्याची सगळी मालिका इथूनच सुरू होते. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक आकडा काढायचा: थरथर सेकंदाला किती वेळा होते.

ठरावीक स्पीडला येणारी थरथर फिरणाऱ्या वस्तूची असते. चालत्या गाडीत अशा वस्तूंचे गट तीन. चाकाच्या वेगाने फिरणारं: टायर, रिम, हब, ड्रम, ॲक्सल. शाफ्टच्या वेगाने फिरणारं: प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, पिनियन (शाफ्टच्या टोकाचा, डिफरन्शियलमधला छोटा गिअर). आणि इंजिनच्या वेगाने फिरणारं: फ्लायव्हील, क्लच, पुली, फॅन. तिन्हींचा वेग सहसा वेगवेगळा असतो. एकदा आकडा कळला की बहुतेक वेळा दोन गट जागच्या जागी बाद होतात.

तुमच्या गाडीचा हिशेब करून दाखवतो. टायर २१५/७५ आर १५ धरतो, बऱ्याच पिकअपना हाच साइज असतो. टायरला खडूची खूण करा, गाडी सपाट जागेवर एक फेरा पुढे ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. या साइजला ते साधारण २.१४ मीटर भरेल. आता ८० चा स्पीड म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. त्याला २.१४ ने भागलं की १०.४ आले. म्हणजे ऐंशीला चाक सेकंदाला सुमारे साडेदहा फेरे घेतं. चाकात दोष असेल तर थरथर सेकंदाला साडेदहा वेळा होणार. हा दणका जाड असतो, सीटवर बसलेल्या माणसाचे गाल हलतात, आरशातलं चित्र हलतं, पण आवाज म्हणून तो ऐकू येत नाही.

शाफ्टसाठी डिफरन्शियलचा रेशो हवा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे किती फेरे होतात तो आकडा. कागदपत्रांत सापडला नाही तर स्वतः काढता येतो. गाडी सपाटावर घ्या, पुढच्या चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली स्टँड द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते दुसऱ्या माणसाला बाजूला उभं राहून मोजायला सांगा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांत मोजलेला आकडा हाच रेशो. समजा तो ४.१ आला. मग ऐंशीला शाफ्ट सेकंदाला १०.४ गुणिले ४.१, म्हणजे साधारण ४३ फेरे घेतो. शाफ्ट वाकला असेल किंवा त्याचं बॅलन्स गेलं असेल तर थरथर ४३ ची. क्रॉसचा मामला आणखी वेगळा आहे. कोनात चालणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, म्हणून क्रॉसच्या कोनाची थरथर दुप्पट, ८५ ची. ही पायाच्या तळव्याला झिणझिण्यांसारखी लागते आणि केबिनमध्ये घुमते.

तुमचंच वाक्य आता परत वाचा. 'हौदा हलतो' हे दहा-अकराचं वर्णन आहे. 'पायाखाली बारीक झिणझिण' हे ऐंशी-नव्वदचं. या दोन्ही गोष्टी एकाच दोषातून येणं अवघड आहे.

इंजिनचा हिशेब टॅकोमीटरवरून करायचा. पाचव्या गिअरमध्ये ऐंशीला काटा २१०० वर असेल तर इंजिन सेकंदाला ३५ फेरे घेतं, आणि चार सिलिंडरच्या इंजिनचे धक्के त्याच्या दुप्पट, ७०. इंजिनचा संशय काढून टाकायला मात्र मोजमापाचीही गरज नाही. त्याच ऐंशीला चौथ्या गिअरमध्ये चालवून बघा. इंजिनचे फेरे वाढतील, चाकाचे आणि शाफ्टचे तेच राहतील. थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच आणि माउंटिंग एका झटक्यात सुटले. जे माउंटिंग तुम्हाला बदलायला सांगितलं जातंय, त्याचा निकाल या एका चाचणीत लागतो.

मोजण्यासाठी आता फोन पुरतो. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. त्यात 'अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम' हा प्रयोग उघडला की कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे याचा आलेख दिसतो. फोन सीटच्या रेलजवळ फ्लोअरवर सपाट ठेवून टेपने घट्ट चिकटवा. डॅशबोर्डवर ठेवू नका, डॅशबोर्ड स्वतःच वेगळा हलतो. आलेख बघायचं काम शेजारी बसलेल्याचं, ड्रायव्हरने रस्ता बघायचा. स्पीड जीपीएसवरचा घ्या, कारण गाडीचा काटा बहुतेक वेळा थोडा जास्तच दाखवतो. ऐंशीच्या वर जायची गरज नाही, मालवाहू गाडीला एक्सप्रेस वेवर मर्यादाही तेवढीच आहे, आणि तुमचा दोष ऐंशीलाच पुरेसा दिसतो.

दोन स्पीडना मोजा, सत्तर आणि ऐंशी. आलेखातलं चाकाचं टोक सत्तरला ९.१ च्या आसपास असेल आणि ऐंशीला १०.४ वर सरकेल. सरकलं तर ते फिरणाऱ्या वस्तूचं. सरकलं नाही, तर तो केबिनचा किंवा हौद्याच्या पत्र्याचा स्वतःचा थरकाप समजायचा. एक सावधगिरी ठेवा. फोन सेकंदाला २०० नोंदी घेत असेल तर १०० हर्ट्झपर्यंतचंच, म्हणजे सेकंदाला १०० वेळांपर्यंतचंच, खरं दिसतं. १०० नोंदी घेणारा फोन ८५ ची थरथर १५ वर असल्यासारखी दाखवू शकतो, आणि माणूस चाकांच्या मागे लागतो. म्हणून फोन किती वेगाने नोंदी घेतो ते ॲपमध्ये आधी बघून घ्या.

रस्ताही निवडून घ्या. काँक्रीटवर, विशेषतः एक्सप्रेस वेसारख्या आडव्या खाचा असलेल्या काँक्रीटवर टायर स्वतःचा आवाज आणि बारीक थरथर जोडतं. चाचणी चांगल्या डांबरी, सरळ, मोकळ्या पट्ट्यावर करा. आणि निघाल्या निघाल्या मोजू नका. रात्रभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीची टायरं खालून किंचित चपटी होतात, ती गरम होऊन गोल व्हायला काही किलोमीटर जावे लागतात.

याच फेरीत न्यूट्रलची चाचणी करून घ्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर ऐंशीला क्लच दाबून गिअर न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप हळू होऊ द्या. इंजिन चालूच ठेवायचं, चावी फिरवायची नाही. माळशेजच्या किंवा खंडाळ्याच्या उतारावर हा प्रयोग अजिबात नको. माझा अंदाज असा की न्यूट्रलमध्ये तुमची जाड थरथर तशीच राहील आणि झिणझिण बरीच कमी होईल. कारण चाकाच्या दोषाला इंजिन ओढतंय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, क्रॉसच्या दोषाला असतं.

आता जाड थरथरीकडे वळतो. बॅलन्सिंग दोनदा झालं म्हणता, पण तुम्ही 'पुढचं' असं लिहिलंय. मागची चाकं मशिनवर चढलीच नसणार. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग सांगितलं की बरेचदा पुढचीच दोन चाकं काढतात, कारण सगळ्यांच्या डोक्यात स्टिअरिंगचं हलणं असतं. तुमचं स्टिअरिंग मुळात शांत होतं! हलत होता हौदा. रिमोल्ड टायर बॅलन्स न करता मागे टाकणं ही पिकअपमधली नेहमीची गोष्ट आहे. जुन्या केसिंगवर (टायरच्या सांगाड्यावर) नवीन रबराचा पट्टा बसवताना त्याचा जोड येतो, जाडी कुठे कमी कुठे जास्त राहते, घासताना केसिंग किंचित तिरकं बसलं तर टायर पूर्ण गोल होत नाही. चांगलं रिमोल्ड उत्तम चालतं, मी त्याच्या विरुद्ध नाही, पण ते मशिनवर चढवून बघितल्याशिवाय गाडीला लावू नये.

पन्नास ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो. रिमच्या कडेला, मध्यापासून १९ सेंटिमीटरवर तेवढं वजन जादा असेल तर ऐंशीच्या स्पीडला ते चाकाला सुमारे चार किलोच्या जोराने ओढतं, आणि तो ओढा सेकंदाला साडेदहा वेळा वर-खाली होतो. शिवाय पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसलेला ॲक्सल आणि चाकं यांची टायरवर उसळण्याची स्वतःची एक लय असते, ती साधारण १० ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात पडते. चाकाचा फेरा त्या लयीशी जुळला की छोटा दोष मोठा होऊन दिसतो. कपडे पिळताना वॉशिंग मशिन एका वेगाला नाचतं आणि वेग वाढला की शांत होतं, तसंच. सत्तरच्या खाली काही नाही आणि ऐंशीला कहर, याचं कारण हे आहे.

रिकाम्या गाडीत जास्त का, तेही सांगतो. माल भरताना हवा त्या वजनाला योग्य भरलेली असते, आणि येताना हौदा रिकामा पण हवा तीच. टायर दगडासारखं कडक, वर दाबायला वजन नाही, पाटे रिकाम्या वजनाला जवळजवळ हलतच नाहीत. टायरचा प्रत्येक उंचवटा सरळ चेसिसमध्ये जातो. तुमची गाडी अगदी तशी वागते आहे.

मशिनवर चढवण्याआधी मागची चाकं उतरवून धुवून घ्या. रिमच्या आतल्या बाजूला शेतातला चिखल वाळून बसलेला असतो, बाहेरून दिसत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड ओतलं असेल तर ते तळाशी साचतं आणि बॅलन्सिंगचा आकडा प्रत्येक वेळी बदलतो. असं टायर आधी आतून पुसून घ्यायचं. रिमोल्डवर तळहात फिरवून बघा, कुठे टेंगूळ लागतंय का, पट्टा कुठे सुटतोय का. टेंगूळ सापडलं तर चाचण्या तिथेच थांबवायच्या. ते टायर आतून सुटायला लागलंय, टोमॅटोचे क्रेट भरून घाट उतरताना ते फुटायची वाट बघू नका. आणि संशयाचं रिमोल्ड फरक बघायला म्हणूनसुद्धा पुढे लावू नका.

बॅलन्सिंगवाल्याकडे उभं राहून एक गोष्ट करून घ्या. शून्य आकडा आला की चाक मशिनवरून सोडवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा आणि परत फिरवा. आकडा शून्याच्या जवळ राहिला तर बॅलन्सिंग खरं. वीस-तीस ग्रॅम दाखवायला लागलं तर चाक मशिनच्या शंकूवर मधोमध बसत नव्हतं, आणि आधीचे दोन्ही वेळचे पैसे वाया गेले. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

मशिन वजन बघतं, गोलपणा बघत नाही. अंड्यासारखं टायर वजनं चिकटवून मशिनवर शून्यावर आणता येतं आणि रस्त्यावर ते आपटतच राहतं. म्हणून चाक गाडीला लावून, ॲक्सल स्टँडवर ठेवून, जमिनीवर विटेला तार बांधून तिचं टोक टायरच्या नक्षीजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कुठे कमी कुठे जास्त होते ते दिसतं. दीड मिलिमीटरपर्यंत मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर उंचवट्यावर खडूची खूण करून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायचं. उंचवटा टायरबरोबर फिरला तर दोष टायरचा, व्हॉल्व्हपासून आधी होता तिथेच राहिला तर रिमचा. रिम दीडशे खड्डे खाऊन वाकलेली असते आणि वाकलेली रिम नवीन टायर टाकूनही तेवढीच वाकडी राहते.

टायर, रिम दोन्ही चांगले निघाले तर बसण्याची जागा तपासा. एका पिकअपचं उदाहरण सांगतो. चारही चाकं बॅलन्स, टायरं नवी, तरी मागून थरथर. मागचं डावं चाक काढलं तर ड्रमच्या तोंडावर एका स्टडच्या कडेला नखाएवढी गंजाची खपली होती. चाकाच्या दाबाने ती काचेसारखी गुळगुळीत झालेली, सहज दिसत नव्हती. बोट फिरवल्यावर कड लागली. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण बसण्याच्या जागेचा व्यास सोळा सेंटिमीटर आणि टायरचा सत्तर, त्यामुळे तिथला अर्धा मिलिमीटर टायरच्या कडेला दोन मिलिमीटरच्या वर जातो. चाक प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत होतं. तारेचा ब्रश मारला, रिमची मागची बाजू घासली, नट तिरक्या क्रमाने हाताने बसवले आणि मग कसले. थरथर गेली. त्या गाडीचा बॅलन्सिंग मशिनवर दोष कधीच सापडला नसता, कारण मशिनवर ती खपली नसते.

नट कसण्याची पद्धतही इथे महत्त्वाची. हवेच्या गनने एक नट पूर्ण आवळला की चाक त्या बाजूला ओढलं जातं आणि बाकीचे नट त्याला परत मधोमध आणू शकत नाहीत. चाक हवेत असताना सगळे नट हाताने बसवायचे, एक सोडून एक अशा क्रमाने थोडे थोडे आवळायचे, मग चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोराला कसणाऱ्या पान्याने, पूर्ण कसायचे. नटाची निमुळती बाजू रिमकडे.

एवढं सगळं करूनही कोणतं चाक ते कळत नसेल तर स्टेपनी बॅलन्स करून घ्या आणि मागे एका वेळी एकच चाक बदलून त्याच रस्त्यावर फिरा. दोन्ही चाकं एकदम बदललीत तर थरथर जाईल, पण दोषी कोण ते समजणार नाही.

आता झिणझिण. ती शाफ्टचं काम झाल्यावर आली, हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. लांब पिकअपना शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये सेंटर बेअरिंग रबराच्या गादीत बसलेलं, आणि एका ठिकाणी दाते असलेला सरकता जोड. एका शाफ्टच्या दोन टोकांचे काटे (क्रॉस धरणारी दोन बोटांची टोकं) एकाच पातळीत असावे लागतात. एक क्रॉस जो वेग कमी-जास्त करतो तो दुसरा क्रॉस उलट करून भरून काढतो, ही त्यामागची योजना. सरकता जोड वेगळा करून परत घालताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले तर काटे तिरके होतात, आणि एकमेकांचं भरून काढायच्या ऐवजी दोन्ही क्रॉस मिळून गाडी हलवतात. दोन्ही तुकड्यांवर बाणाची किंवा ठिपक्याची खूण असते. ग्रीस आणि मातीखाली ती दिसत नाही, घाईत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. गाडी सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या, शाफ्ट पुसा आणि खुणा समोरासमोर आहेत का बघा. खुणा सापडल्या नाहीत तर शाफ्टच्या रेषेत डोळा लावून काटे एका पातळीत आहेत का ते बघता येतं. माझी पैज नाही, पण पहिला संशय इथेच आहे.

खुणा जुळत असतील तर क्रॉस बघा. शाफ्ट खाली उतरवून प्रत्येक क्रॉस हाताने दोन्ही दिशांना फिरवायचा. तो सगळीकडे सारखा सैल-घट्ट फिरला पाहिजे. एखाद्या जागी अडकत असेल तर बेअरिंगची टोपी ठोकताना आतली सुईसारखी बारीक दांडी आडवी पडली आहे किंवा सर्क्लिप (टोपी अडवून धरणारी कडी) खाचेत नीट बसलेली नाही. चारही सर्क्लिप तपासा. मग सेंटर बेअरिंग: रबर फाटलंय का, आणि त्याच्या ब्रॅकेटखाली काही गाड्यांना पत्र्याच्या पातळ चकत्या असतात त्या परत बसवल्या गेल्या का. त्या चकत्यांवर शाफ्टचा कोन ठरतो. काम झाल्यावर त्या ट्रेमध्ये पडून राहतात.

शाफ्टच्या नळीवर चौकोनी पत्र्याची वजनं वेल्ड केलेली असतात. एखादं पडलं असेल तर त्या जागी वेल्डचे चकचकीत ठिपके दिसतात. शाफ्टला चेंगरल्याची खूण, डांबराचा थर, हेही बघा. मात्र शाफ्टचं बॅलन्स गेलं असेल तर आलेखात टोक ४३ ला दिसेल, ८५ ला नाही. आकडा काढायचा आग्रह मी यासाठीच धरतो, दोन्ही दोष शाफ्टचेच पण इलाज वेगळे. ४३ असेल तर शाफ्ट चांगल्या वर्कशॉपमध्ये बॅलन्स करून घ्या. ८५ असेल तर बॅलन्स करून काही उपयोग नाही, कोन आणि काटे बघावे लागतील.

कोनाबद्दल एक प्रश्न विचारतो: मागे जादा पाटा टाकलाय का? जास्त माल बसावा म्हणून बरेच जण टाकतात. त्याने मागचा भाग उचलला जातो आणि पिनियनचं तोंड वर-खाली होतं. ॲक्सल पाट्याला बांधणारे यू बोल्ट सैल असतील किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल जागेवरून सरकतो आणि जोर लावला की पिनियन वळतं. भरलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारी झिणझिण याही कारणाने येऊ शकते. यू बोल्टला पाना लावून बघणं फुकट आहे.

मागची चाकं काढून, ॲक्सलखाली स्टँड देऊन, गाडी गिअरमध्ये चालवून बघण्याची एक चाचणी असते. चाकं नसताना झिणझिण राहिली तर चाकांचा संबंध संपला. पण ती वर्कशॉपमध्येच करायची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, ड्रम नटांनी घट्ट बांधलेले, स्टँड चेसिसखाली न देता ॲक्सलखालीच, म्हणजे शाफ्टचा कोन रस्त्यावर असतो तसा राहतो, आणि खाली किंवा बाजूला एकही माणूस नको. घराच्या अंगणात जॅकवर हा प्रयोग कृपा करून करू नका.

अलाइनमेंटबद्दल एवढंच सांगतो की त्याने थरथर होत नाही. गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खातं, आणि तसं खाल्लेलं टायर पुढे थरथर करतं. नवीन टायरांवर थरथर असताना अलाइनमेंट परत परत करणं वाया जातं. डिफरन्शियलचा दोष आधी आवाजातून बोलतो, घरघर किंवा शिट्टी, आणि पाय दाबला-सोडला की तो आवाज बदलतो. तुम्ही आवाजाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून ते उघडायचं कारण मला दिसत नाही.

क्रम असा ठेवा. आधी शाफ्टच्या खुणा आणि यू बोल्ट, कारण त्याला बघण्यापलीकडे खर्च नाही. मग मागची चाकं धुणं, टेंगूळ बघणं, बसण्याची जागा घासणं, बॅलन्सिंग आणि अर्ध्या फेऱ्याची खात्री. प्रत्येक कामानंतर त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, गाडी रिकामी असताना फोनने मोजा आणि दोन्ही टोकांची उंची वहीत लिहा, १० च्या आसपासचं आणि ८५ च्या आसपासचं. एक खाली आलं आणि दुसरं राहिलं तर काम अर्धं झालंय, चुकलेलं नाही. आकडे इथे टाका, सोबत टायरचा साइज, मोजलेला रेशो आणि जादा पाट्याचं उत्तर, म्हणजे मला पुढचं सांगता येईल. आणि चाकं काढून घातल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर मागचे सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघा, घासलेल्या जागेवर चाक बसताना ते थोडे ढिले होतात.